पटाकडे पाठ करून बसणारे चुटेभाऊ

मनसाराम चुटे यांना बैल पळताना पाहण्यात काडीचाही रस नव्हता. हे वाक्य मी त्या काळी भिलाईत कुणाला ऐकवलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. कारण कॅम्प-१ या मजूरवस्तीपासून थेट डोंगरगडच्या पलीकडच्या गावांपर्यंत, शंकरपटात कोणती जोडी पहिली येणार हे चुटेभाऊंइतकं अचूक सांगणारा दुसरा माणूस नव्हता. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. झेंडी पडायची, छकडा सुटायचा, हजार माणसं एकदम उठून ओरडायची, आणि चुटेभाऊ त्या सगळ्याकडे पाठ करून मोहाच्या झाडाखाली उकिडवे बसून बशीतून चहा पीत असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, तर म्हणाले, “पळताना काय पायचं, बाबूजी? पळनं तं कालच झालं. आता फक्त लोकाईले दिसून राहिलं.”

ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. भंडारा-गोंदियाकडे धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की पौष-माघात गावोगावी पट भरतो. शेतातून सरळ, सपाट वाट काढायची, हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची आणि एकेक जोडी सोडायची. टोकाला शाळेचे गुरुजी घड्याळ घेऊन बसलेले. ज्या जोडीला सगळ्यांत कमी वेळ लागेल ती पहिली. पण पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, कुणाच्या पोरीचं लग्न जमतं, कुणाचं मोडतं. तिकडच्या माणसाला दिवाळीला घरी जाता आलं नाही तरी चालतं, पण गावचा पट चुकला तर तो वर्षभर स्वतःला पोरका समजतो.

आणि आमच्या पोलाद कारखान्याच्या उभारणीवरची निम्मी माणसं तिकडचीच होती. मी स्वतः रायपूरच्या जुन्या मराठी घरातला. आमचे पूर्वज कोणे एके काळी चाकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात आम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मॅट्रिक होऊन मी भिलाईला टाइम ऑफिसात हजेरीबाबू म्हणून लागलो तेव्हा पहिली भट्टी अजून पेटायची होती. जिकडेतिकडे मुरूम, लोखंड आणि पत्र्याच्या चाळी. जानेवारी उजाडला की माझ्या हजेरीवहीत साथ पसरायची. भंडाऱ्याकडच्या माणसांच्या आज्या भराभर मरायच्या. एका गड्याची आजी मी नोकरीला लागल्यापासून तीनदा वारली होती. अर्ज मीच लिहून द्यायचो, त्यामुळे त्या म्हाताऱ्यांच्या मरणाला थोडाफार हातभार माझाही होता.

अशाच एका जानेवारीत खिडकीशी एक उंच, सावळा, पस्तिशीचा माणूस येऊन उभा राहिला. कानावर अर्धी विडी, डोक्याला पांढरा दुपट्टा.

“छुट्टीची अरजी लिव्हून द्या, बाबूजी.”

“कोण वारलं?” मी सवयीनं विचारलं.

तो दचकलाच. “कोनी नाही बापा! असं कावून बोलता? पटाले जाऊन राहिलो.”

मी त्याला समजावलं की पटाचं नाव काढलं तर साहेब सही करणार नाहीत, आपण आजी लिहू. “माही आजी आहे अजून,” तो म्हणाला. “जितीजागती म्हातारी मी कागदावर नाही मारत. पट म्हनूनच लिव्हा. नाही देल्ली छुट्टी तं नाही देल्ली.” मी लिहिलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, त्याला बोलावून घेतलं, पट म्हणजे काय ते हिंदीतून समजून घेतलं आणि सही केली. त्या महिन्यात माझ्या टेबलावरून गेलेला तो एकमेव खरा अर्ज असावा. चुटेभाऊंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

ते खलाशी होते. आमच्याकडे खलाशी म्हणजे अवजड लोखंड तारेच्या दोरानं बांधून क्रेननं वर चढवणारा माणूस. ओझं हलण्याआधी ते तारेवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहायचे, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय त्यांची गँग इशारा करायची नाही. पण कॅम्प-१ मध्ये त्यांना जो मान होता तो लोखंडापायी नव्हता. तिथं केरळच्या एका माणसाची चहाची टपरी होती. हंगामात दर बुधवारी ड्यूटी सुटल्यावर तिथं गर्दी जमायची आणि येत्या पटाला कुठकुठच्या जोड्या येणार, त्यांत कुणाचं काय होणार, यावर चुटेभाऊ बोलायचे. त्याला ते कच्चा अंदाज म्हणत. पक्का अंदाज पटाच्या सकाळी, गावात, झाडाखाली. पैजा लावणारे त्यावर पैजा लावत. चुटेभाऊंनी स्वतः कधी लावली नाही. टपरीवाल्याला मराठीचं अक्षर कळत नसे, पण बुधवारी तो चुटेभाऊंच्या चहात साखर जास्त टाकायचा.

पक्क्या अंदाजासाठी ते आदल्या दिवशी पॅसेंजरनं जायचे. एकदोनदा मीही बरोबर गेलो. बैल पळायला किती तयार आहे हे सगळे पाहतात. खांदे, पाय, शेपटी. चुटेभाऊ बैल बसलेला पाहायचे. परक्या गावात निवांत रवंथ करतो की कान टवकारून बसतो? उठताना एका झटक्यात उठतो की जमीन चाचपतो? पाणी तळापर्यंत पितो की हुंगून सोडतो? शेण कसं पडलंय हे तर ते काडीनं उकरून बघायचे आणि मी नाकाला रुमाल लावला की हसायचे. मग मालकाशेजारी जाऊन बसायचे, तंबाखू मळायचे, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायचे. “जोडी तीन जनावराची रायते, बाबूजी,” ते मला म्हणाले होते. “दोन बैल आन एक मालक. तिसऱ्याले पायल्याबिगर नंबर नाही सांगता येत.”

एका मालगुजाराची देखणी जोडी होती, अंगावर माशी बसली तर घसरेल अशी. सगळा पट तिच्या बाजूनं. चुटेभाऊंनी तिला पाचवा नंबर दिला. कारण काय, तर आदल्या दिवशी जेवताना मालगुजार छकडा हाकणाऱ्याला चारचौघांत दोनदा टाकून बोलला होता. “त्याच्या पोटात भात नाही गेला, अपमान गेला,” चुटेभाऊ म्हणाले. “उद्या त्याचा हात जड पडन.” जोडी सातवी आली. लोकांनी चुटेभाऊंना डोक्यावर घेतलं, आणि हे आपले दोन नंबरांनी चुकलो म्हणून महिनाभर हळहळत होते.

त्यांची कीर्ती ऐकून आमच्या पुण्याच्या एका इंजिनिअर साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेबांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद. भिलाईत कुठला आलाय घोडा! पण मुंबईचं वर्तमानपत्र शिळं होऊन का होईना यायचं आणि त्यात शर्यतीच्या घोड्यांची यादी, वजनं, जॉकी, मागच्या धावा असं सगळं छापलेलं असायचं. शर्यत तोवर होऊन गेलेली असे. साहेब तरीही पेन्सिलीनं खुणा करत आणि निकालाचा अंक आला की स्वतःला मार्क देत. त्यांनी पान पसरून चुटेभाऊंना सगळं नीट समजावलं आणि म्हणाले, “आता सांगा बघू, कोणता?”

चुटेभाऊंनी बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं. “हे घोडं पानी सरतेवरी पेते का, साहेब?”

“ते कसं कळणार?”

“मालक कसा आहे?”

“कुठले तरी महाराज आहेत. वर्षाचे आठ महिने विलायतेत असतात.”

“मंग याले चारा टाकते कोन?” चुटेभाऊंना त्या घोड्याची खरोखरच कणव आली. पानाची व्यवस्थित घडी करून त्यांनी ते परत दिलं. “साहेब, कागदातलं घोडं लीद नाही टाकत. मले याच्यात काईच समजत नाही.” साहेब पोट धरून हसले. पण त्यानंतर खुणा करताना ते मधेच पेन्सिल थांबवून बसतात, असं त्यांचा चपराशी सांगायचा.

आता त्यांच्या घरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आमगावच्या पलीकडे त्यांचं गाव. वडील लहानपणीच गेलेले. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि चुटेभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. आजी, माय आणि दहा वर्षांनी धाकटा भाऊ दसरू, एवढं घर. दसरूला त्यांनीच खांद्यावर खेळवून वाढवलं. दोन भावांनी मिळून दोन वासरं वाढवली, चांदा आणि लाखा, तीच पुढे त्यांची पटाची जोडी झाली. लागोपाठ दोन वर्षं पाऊस फसला तेव्हा चुटेभाऊ एकटे भिलाईला आले. कॅम्प-१ मध्ये पत्र्याच्या एका खोलीत चार जण राहत, त्यातले ते एक. पट नसेल त्या रविवारी सायकल काढून जवळच्या रुआबांधा गावी जायचे आणि तळ्याच्या काठी बसून तिथल्या शेतकऱ्यांचे बैल बघायचे. मला वाटायचं, हा त्यांचा शौक आहे.

दोन वर्षांनी त्यांनी फोरमनच्या मिनतवाऱ्या करून दसरूचं नाव आपल्या गँगमध्ये लावून घेतलं. माघातल्या एका सोमवारी त्यानं हजर व्हायचं होतं. नाव माझ्याच वहीत चढलेलं. पण दसरू हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मायचा जीव त्याला सोडायला तयार नव्हता. त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी त्यांच्या गावचा पट होता. दसरूनं मायला सांगून टाकलं, “जोडी पयली आली तं जोडी दाराशी आन मी घरी. नाही आली तं जोडी बाजारात आन मी भिलाईले.” मायनं मान्य केलं. एका घराचा निकाल दोन बैलांवर सोपवायचा हे आम्हा रायपूरकरांना हसू आणणारं आहे. पण त्या घरात ते कुणालाच वावगं वाटलं नाही, आणि तिथं दोन दिवस राहिल्यावर मलाही वाटेनासं झालं.

शनिवारी दुपारी आम्ही पोहोचलो. मायनं तांदळाची भाकर आणि शेंगांची भाजी वाढली. आजी कोपऱ्यात ऊन खात बसली होती, चांगली धडधाकट. तिला बघून माझी मान खाली गेली. जेवताना मायनं विचारलं, “मनसा, तू सांग ना. येते का आपली जोडी?” चुटेभाऊ ताटाकडे बघत म्हणाले, “सगळ्या जोड्या पाहू दे, माय.”

सगळ्या जोड्या त्यांनी पाहिल्या. सूर्य कलेपर्यंत मी त्यांच्यामागं फिरत होतो. शेवटी ते आपल्या गोठ्यापाशी आले. लाख्यानं त्यांना पाहिलं, उठला आणि त्यांच्या खांद्यावर तोंड टेकून उभा राहिला. चुटेभाऊ त्याच्या मानेखाली खाजवत राहिले, इतका वेळ की मी जाऊन बाजेवर बसलो. दसरू जवळच नवीन दोर वळत होता. जोड्या कोणत्या क्रमानं सोडायच्या त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, आणि त्याच्या जोडीला सकाळचा नंबर आला होता, सुटणाऱ्या पहिल्या पाचांत.

“दसऱ्या,” चुटेभाऊ म्हणाले, “सकाळचा नंबर बदलून घे कोनासंगं. दहिवर पडून वाट ओली रायते, चाकं धरते. दोपारी काढ, वाट वाळल्यावर.”

दसरूनं हातातला दोर थांबवून एकदा वर पाहिलं. “दोपारी?”

“हो.”

“बरं,” दसरू म्हणाला आणि पुन्हा दोर वळू लागला. मला चुटेभाऊंचं कौतुक वाटलं. चाकं दवात रुततात हे माझ्या दहा जन्मांत सुचलं नसतं.

रविवारी सकाळी मोहाखाली पक्का अंदाज ऐकायला ही गर्दी. भिलाईहून पॅसेंजरनं आलेली माणसं, गावची माणसं, पाहुणे. चुटेभाऊंनी पहिला नंबर लांजीकडच्या एका जोडीला दिला, दुसरा तिरोड्याकडच्या. मग जरा थांबून म्हणाले, “तिसरी आमच्या घरची.” कुणीतरी म्हणालं, “भाऊ, सख्ख्या भावाची जोडी तिसरी?” चुटेभाऊ म्हणाले, “दिसते ते सांगून राहिलो.”

दुपारी ऊन चांगलंच चढलं. चांदा-लाखाचा छकडा वाटेवर आला तेव्हा मी सवयीनं मोहाकडे पाहिलं, तर चुटेभाऊ तिथं नव्हते. ते गर्दी अडवायला बांधलेल्या दोराला लागून, सगळ्यांच्या पुढं, वाटेकडे तोंड करून उभे होते. बैल पळताना पाहायला उभे राहिलेले मी त्यांना त्या एकदाच पाहिले. भावाची जोडी आहे, माणसाचं काळीज आहे, असं मी मनाशी म्हटलं. झेंडी पडली. जोडी सुटली ती अशी की लांजीवाल्यांचे चेहरे उतरले. निम्मी वाट झाली, पाऊण झाली, आणि लाख्यानं मान खाली घातली. चांदा एकटा ओढू लागला, छकडा जरासा तिरपा झाला. जोडी थांबली नाही, पण जे वाऱ्यासारखं चाललं होतं ते नुसतं चालू राहिलं. गुरुजींनी घड्याळ बघून आकडा सांगितला. संध्याकाळी निकाल लागला: लांजी, तिरोडा, आणि तिसरे चुटे.

तिन्ही नंबर जसेच्या तसे! लोकांनी चुटेभाऊंना अक्षरशः उचललं. घरची जोडी असून खरं बोलला, असा माणूस होणे नाही, असं जो तो म्हणू लागला. मीही म्हटलं. गाडीत, टपरीवर, टाइम ऑफिसात, महिनाभर मी तेच सांगत होतो. इंजिनिअर साहेबांनासुद्धा सांगितलं. चुटेभाऊंचा तो अंदाज भिलाईत दंतकथा झाला.

घरी मात्र मायनं लाख्याला शिव्या घातल्या. दसरूनं बैलांना पाणी दाखवलं. सोमवारी सकाळी तो माझ्या खिडकीशी हजर होता, नवा कोरा शर्ट घालून, आणि पुढच्या बाजारात जोडी विकली गेली. मायनं पुढे शेत बटईनं दिलं, पण लाख्याला शिव्या देणं तिनं मरेपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या जानेवारीत सगळ्यांचे अर्ज आले, आज्या मेल्या, चुलते मेले. चुटेभाऊंचा अर्ज आला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “मन नाही लागत आता, बाबूजी.” टपरीवर लोकांनी आग्रह केला, तेव्हा चहा अर्धा टाकून उठून गेले. त्यानंतर बुधवारी ते तिकडे फिरकलेच नाहीत. मोठेपणाची नजर लागली, असं लोक म्हणायचे.

एका रविवारी सकाळी मी त्यांना गाठायला रुआबांध्याला गेलो. तळ्यात कुणीतरी बैल धूत होतं. चुटेभाऊ काठावर बसले होते. मी त्याच अंदाजाची गोष्ट पुन्हा काढली, कौतुकानंच. त्यांनी मला हातानं थांबवलं.

“त्या दिवशी मी खोटं बोललो, बाबूजी.”

मला उलगडा होईना. मग त्यांनी सांगितलं. लाखा वासरू असताना त्याला एकदा ऊन बाधलं होतं. तेव्हापासून उन्हात त्याचा दम तुटे. नांगरालाही त्याला दुपारी कधी जुंपत नसत. सकाळच्या गारव्यात सोडली असती तर त्यांची जोडी पहिली आली असती, आणि हे त्यांनी शनिवारी सगळ्या जोड्या पाहून, पक्कं ओळखून, मग तो दवाचा सल्ला दिला होता.

“पण लाख्याचं दसरूला माहीत नव्हतं?”

“होतं ना. तेच तं पाप आहे. माह्या शब्दापुढं त्यानं सोताच्या डोळ्यावर इस्वास नाही ठेवला.”

मी म्हटलं, तुम्ही त्याच्या भल्यासाठी केलंत. त्याला पक्की नोकरी लागली, शेतीत काय होतं? चुटेभाऊंनी मान हलवली. “भलं-बिलं काई नाही. मले इथं एकटं वाटे, बाबूजी. त्या खोलीत चार मानसात झोपून एकटं वाटे. म्हनून भावाचे बैल हरवले मी.” मग त्यांनी माझा हात धरला. “दसरूले सांगू नका. मी मेल्यावर भी नाही.” मी कबूल केलं. त्या तळ्याच्या काठी मी दुसरं काय करू शकत होतो?

पुढची वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला सुखाची होती. दसरू हुशार निघाला. त्याला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळालं, लग्न झालं, दोन मुली झाल्या. चुटेभाऊ त्यांच्यातच राहायला गेले. दोघे भाऊ एका शिफ्टला एका सायकलवर जायचे, थोरला पुढं दांडीवर आणि धाकटा चालवणारा. मी त्यांच्याकडे जेवायला जायचो तेव्हा दसरू भावाच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढायचा. पोरी मोठ्या बाबांना भंडावून सोडायच्या: वर्गात पहिला नंबर कुणाचा येईल, खो-खोत कोण जिंकेल? चुटेभाऊ म्हणायचे, “मी अंदाज नाही सांगत, बेटा.” एकदा दसरूनं माझ्यासमोर सुचवलं की पोरींना गावचा पट दाखवून आणू. चुटेभाऊंनी अंगात कणकण असल्याचं सांगितलं आणि आत जाऊन पडले. दसरूचा चेहरा एवढासा झाला. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो.

त्या पटाला आठ वर्षं झाली असतील, चुटेभाऊंना कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले आणि दवाखान्यात नेईस्तोवर उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत मी रोज जायचो. पटाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते गेले तेव्हा त्यांची गँग एक दिवस कामावर आली नाही, आणि कुणीही अर्जात खोटं कारण लिहिलं नाही.

तेरवीच्या दिवशी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पंगतीची तयारी चालली होती. दसरूनं मला बाजूला घेतलं. केस काढलेल्या डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्यामुळे तो एकदम भावासारखा दिसत होता.

“बाबूजी, दादानं पट कावून सोडला? तुमाले सांगतलं असन त्यानं.”

मी शब्द दिलेला होता. पण समोर हा उभा, आणि ज्याला शब्द दिला तो गेलेला. मी सांगून टाकलं. दव, ऊन, लाखा, ती खोली, सगळं. दसरू ऐकत ऐकत खाली जमिनीवर बसला. मला वाटलं, आता हा भावावर चिडेल, तेराव्या दिवशी मी घात केला.

“लाख्याचं मले मालूम होतं,” तो म्हणाला.

“मालूम होतं, तरी भावाच्या शब्दाखातर दुपारी काढलीस. तेच तर त्यांना खात होतं.”

“त्याच्या शब्दासाठी नाही, बाबूजी. मले यायचं होतं.” तो जमिनीकडे बघत सांगू लागला. “दादा इकडं आल्यापासून घरात मन लागे नाही. पन मायले तोंडानं कसं सांगू, का मी भी तुले सोडून जातो? म्हनून बैलाईवर टाकलं. सकाळचा नंबर निघाला तवा माहा जीव घाबरा झाला. आता जोडी पयली येते, आता मी अटकलो. तेवढ्यात दादा म्हने दोपारी काढ. मले वाटलं, दोन वर्सं झाली घर सोडून, दादा लाख्याचं इसरला. मी आठवन नाही देल्ली. मंग त्यानं पट सोडला, तं मले वाटे, त्याले नंतर आठवलं असन. मी त्याले फसवलं म्हनून तो रागावला असन. आठ वर्सं मी त्याच्या ताटात तूप वाढून राहिलो, पन इचारू नाही शकलो.”

आठ वर्षं एका सायकलवर बसून गेलेले हे दोन भाऊ, आणि दोघांच्या मध्ये अर्धी गोष्ट माहीत असलेला मी. चुटेभाऊंना दिलेला शब्द मी पाळला याचा मला इतकी वर्षं थोडा अभिमानच होता. त्या अंगणात मला त्याची लाज वाटली. पोरींना पट दाखवायचा म्हटल्यावर चुटेभाऊ आत जाऊन पडले, त्या दिवशी मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

आतून दसरूच्या बायकोनं हाक मारली, पंगत बसली होती. तो उठला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

“मी खुशीनं आलो होतो, बाबूजी,” तो म्हणाला. “एवढंच त्याले सांगाचं राहून गेलं.”